सुतकातली सहल

पेणजवळच्या गडब गावच्या विशाल घरतने यंदाच्या मे महिन्यात एक साधी गोष्ट ठरवली : एका रविवारी बायकोचं ऐकायचं. (बाकीचे रविवार तो ऐकत नाही असं नाही, पण ते ठरवून नसतं.)

नम्रताचं म्हणणं तसं वावगं नव्हतं. उन्हाळा लागला की पेणपासून रोह्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव उभे राहतात. आज ह्याची हळद, उद्या त्याचं लग्न, परवा तिसऱ्याची पूजा. माणूस एका मांडवातून उठतो आणि दुसऱ्यात जाऊन बसतो, आणि पावसाळा आला की म्हणतो, यंदा उन्हाळ्यात कुठं फिरणं झालंच नाय.

"लग्न झाल्यापास्नं मी तुमच्यासंगती कुठं फिरायला गेले असंन तर पंगतीत," नम्रता म्हणाली. "मला एक दिवस असा पायजे, ज्यात मांडव नाय, हळद नाय, बिर्यानी नाय. काहीतरी संस्कृतीचं दाखवा. देऊळ दाखवा, लेणी दाखवा. कुड्याची लेणी बघायला कुठनं कुठनं मानसं येतात, आन् आपन हितं उशाला राहून बघितली नायत."

"जाऊ ना," विशाल म्हणाला. "ह्या रविवारीच जाऊ."

आणि मग त्याला आठवलं, की ह्या रविवारी घोसाळकर साहेबांच्या मुलीचं लग्न आहे.

घोसाळकर साहेब म्हणजे रोह्याजवळ धाटावच्या ज्या कंपनीत विशाल ऑपरेटर आहे, तिथले शिफ्ट इन्चार्ज. आणि शिफ्ट इन्चार्जच्या मुलीचं लग्न हे लग्न नसतं, ती ड्यूटी असते. त्यातून विशालचं घोडं साहेबांपाशीच अडलेलं. नोकरीला लागल्यापासून तो फर्स्ट, सेकंड, नाइट असा गरगर फिरत होता. दिवसा झोपावं तर शेजारच्या मांडवात डीजे, रात्री जागावं तर डोळ्यांत झोप. पुढच्या महिन्यात जनरल शिफ्टमधली एक जागा रिकामी होणार होती. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं, रात्री चारचौघांसारखं आपल्या घरात झोपायचं. ती जागा कोणाला द्यायची ते साहेबांच्या शब्दावर होतं, आणि साहेबांनी पत्रिका देताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "विशाल, पंगतीचं वाढप तू सांभाळायचंस हं. घरचं कार्य समज."

साहेबांना नाही म्हणावं तर जनरल शिफ्ट गेली. नम्रताला नाही म्हणावं तर काय जाईल याचा विचार विशालने सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

मार्ग काढला निकेशने. निकेश विशालचा लहानपणापासूनचा दोस्त. स्वतःच्या इको गाडीतून धाटावच्या शिफ्टवाल्यांची ने-आण करतो आणि वाटेत कोणी न मागता सल्ले देतो.

"सुतक सांग," निकेश म्हणाला. "आजारी हाय म्हनलास तर साहेब गोळी देल. काम हाय म्हनलास तर म्हनंल उरकून ये. सुतकाला कोन काय बोलत नाय. लग्नघरवाला तर उलटा हात जोडंल, का बाबा येऊ नको."

विशालला हे एकदम पटलं. सुतक म्हणजे कसं, कोणाला त्रास नाही, कोणाचा अपमान नाही. फक्त एक माणूस कमी होतो. कोणता माणूस, एवढं ठरवायचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला आणि पडेल चेहरा करून म्हणाला, "साहेब, सुतक पडलंय."

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "अरेरे. कोण गेलं?"

आता आली का पंचाईत! आईचं नाव जिभेवर येईना. भावकीतलं कोणाचं घ्यावं तर निम्मी भावकी ह्याच कंपनीत कामाला, डबा खात बसलेली. विशालच्या तोंडून निघालं ते असं : "आत्या, साहेब. रामवाडीची काशीआत्या."

साहेबांनी डोळे मिटले, आणि उघडले ते शंका घेऊनच. "पण आत्या म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली ना? तिचं दहा दिवसांचं सुतक तुला कसं काय?"

(माणूस उगाच इन्चार्ज होत नाही.)

"बिनलग्नाची होती, साहेब," विशाल म्हणाला.

बोलला आणि त्याला स्वतःलाच घाम फुटला. काशीआत्याला तीन मुलगे, दोन सुना, दारात म्हशी आणि नाथा नावाचा एक धडधाकट नवरा होता. त्या घटकेला ती पेणला रामवाडीतल्या आपल्या ओट्यावर बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करत होती.

साहेब मात्र हळहळले. "बिचारी. तू जा बाबा. दहा दिवस समोर येऊ नकोस. लग्नघर आहे माझं, समजून घे. आणि दाराला हात लावू नकोस, मी उघडतो."

अशी विशालला एका रविवारच्या जागी सगळीच सुट्टी मिळाली. घरी त्याने सांगितलं, की कंपनीत शटडाऊन आहे. नम्रताला आनंद झाला. विशालची आई धोंडुबाई हिला तर एवढा आनंद झाला, की तिने लगेच रामवाडीला फोन लावला.

"कोनाला लावतंस, आये?" विशालने विचारलं.

"काशीला. लेनी बघायला जायाचं तर काशी नको? ती आली नाय तर लेनी तरी बोलतील का?"

"आत्याला नको गो, आये. ऊन किती हाय! तिला बाधंल."

"तिला ऊन? तीच उन्हाला बाधंल," धोंडुबाई म्हणाली, आणि फोनवर ओरडायला लागली.

रविवारी सकाळी निकेशची इको दारात आली. निकेशबरोबर त्याची बायको प्रतिक्षा होती. नम्रताची ती मैत्रीण. विशालने घरात पाहिलं आणि तो दारातच थबकला. धोंडुबाई, नम्रता आणि आता प्रतिक्षासुद्धा, तिघी सारख्याच साड्यांत. गेल्या महिन्यात भावकीतल्या एका हळदीला सगळ्या बायकांनी एका रंगाच्या साड्या घेतल्या होत्या. आमच्या इकडे हळदीला तशी रीतच आहे. रंग होता भडक राणी. लांबून पाहिलं तरी डोळे दिपावेत असा.

"ह्याच कशाला?" विशाल म्हणाला. "आपन हळदीला थोडीच चाललोय?"

"एकदाच नेसलेल्या साड्या हायेत. घड्या घालून ठेवू का मग?" धोंडुबाई म्हणाली. "आन् लेन्यात कोन हरावलं तर लगेच सापडंल. काशीला पन हीच नेसायला सांगितलीय."

रामवाडीच्या नाक्यावर काशीआत्या उभी होतीच. राणी साडी, नाकात नथ, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, हातात पिशवी. बाजूला नाथाआतोबा, नवा सदरा घालून. विशालने आत्याकडे पाहिलं आणि त्याला उगाच भरून आलं. तिला जिवंत पाहून एवढं बरं त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

"इशाल, असा काय बघतंस माझ्याकडं?" आत्या गाडीत चढत म्हणाली. "मेल्यावानी?"

पुढे स्टिअरिंगवर निकेशला ठसका लागला.

संस्कृतीची सुरुवात पेणलाच झाली. एका ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात सगळे शिरले. आत अजून रंग न चढलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने बसल्या होत्या, आणि एक कारागीर रंगवून झालेल्या एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता. नम्रता हरखून गेली. ती प्रत्येक मूर्तीपुढे थांबत होती, फोटो काढत होती, आणि विशालकडे वळून असं हसत होती, की त्याला वाटलं, खोटं बोललो ते सार्थकी लागलं. काशीआत्याने कारागिराच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि सांगितलं, "ह्याला जरा हसता कर रं बाबा. वर्साचा येतोय बिचारा." कारागिराने तिच्याकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, आणि खरंच थोडा हसता केला.

मग हायवे, नागोठणं, आणि रोहा. रोहा आलं तसा विशालने टॉवेल काढला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून घेतला. साहेब रोह्यात राहतात, म्हणजे लग्न रोह्यात, असा त्याचा साधा हिशेब होता. धावीर महाराजांच्या देवळाशी गाडी थांबली. सगळे उतरले, हा बसून राहिला.

"भावजी, दर्शन?" प्रतिक्षाने विचारलं.

"माझं हितनंच झालं."

"देवाच्या दारात येऊन गाडीत बसतंय. काय पाप केलंय का काय?" काशीआत्या जाता जाता म्हणाली. विशालने टॉवेल आणखी एक वेढा वर घेतला.

रोहा मागे पडलं, गाडी कुड्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या तळे गावाच्या रस्त्याला लागली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडं केलं. वारा लागला. नम्रताने डब्यातली काकडी मीठ लावून त्याच्या हातात दिली. खिडकीबाहेर पळस गेले, आंबे गेले, आणि विशाल चक्क गुणगुणायला लागला. निकेशने आरशातून डोळा मारला. सुटलो, असा त्याचा अर्थ होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. साहेबांनी दिलेली पत्रिका विशालने उघडलीच नव्हती. जायचंच नाही तर वाचायची कशाला? पण पत्रिका राहू द्या. घोसाळकर नावाच्या माणसाचं मूळ गाव कोणतं असेल, हे आमच्या गडबच्या बालवाडीतल्या पोरानेसुद्धा सांगितलं असतं. रोह्याहून तळ्याकडे जाताना वाटेत घोसाळे लागतं. विशालला ते लागेपर्यंत सुचलं नाही.

घोसाळ्याच्या अलीकडे रस्त्यावरच मांडवाची कमान होती. सनई वाजत होती. फेटे बांधलेले चार-पाच जण रस्त्यावर येऊन पेणच्या दिशेला डोळे लावून उभे होते, कारण नवऱ्याचं वऱ्हाड पेणहून यायचं होतं आणि हायवेच्या कामात कुठेतरी अडकलं होतं. मुहूर्त टळायला आलेला. अशात समोरून पेणची गाडी आली, आणि गाडीत एकसारख्या राणी रंगाच्या साड्या!

"आली! पहिली गाडी आली!" एक फेटेवाला ओरडला. दुसऱ्याने गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. बघता बघता निकेशची इको रस्त्यावरून मांडवाच्या आवारात वळवली गेली, मागे बांबू आडवा पडला, आणि दारं उघडून चौघींच्या हातांत कोकम सरबताचे ग्लास आलेसुद्धा.

"अवो, आमी वऱ्हाडातली नाय," नम्रता सांगत होती.

"असं कसं म्हनता, ताई? उशीर झाला म्हनून काय आमी रागावलो नाय," फेटेवाला म्हणाला. "चला, मुलीची आई वाट बघतेय."

नम्रताने विशालकडे जो कटाक्ष टाकला, तो टाकून झाल्यावर तिला बोलायची गरज नव्हती. एक दिवस मागितला होता बिनमांडवाचा. विशालला मात्र तो कटाक्ष दिसलाच नाही. त्याचे डोळे कमानीवरच्या थर्माकोलच्या अक्षरांवर खिळले होते : 'घोसाळकर परिवार आपले हार्दिक स्वागत करीत आहे.'

"आत्या, उतरू नको," तो कसाबसा म्हणाला.

"का रं? एवढी मानानं बोलावतात, तर तोंड फिरवून जायाचं? सरबत तर पिऊ," काशीआत्या म्हणाली, आणि नथ सावरत उतरली. तिच्यामागे धोंडुबाई. तिच्यामागे नाथाआतोबा, कारण आत मटणाचा नाही तरी मसालेभाताचा वास होता. प्रतिक्षाने नम्रताचा हात धरला. "चल गं, पाच मिंटं." राहता राहिला निकेश.

"निक्या, चावी दे! हे साहेबांचं लग्न हाय!"

निकेशचा चेहरा पडला. "हितं?" मग त्याने मागे पाहिलं. "बांबू टाकलाय रं. मी आत जाऊन सगळ्यांना काढतो बाहेर. तू खाली वाक." असं म्हणून तो चावीसकट गेला, आणि पंगत बसत होती म्हणून बसला.

विशाल मागच्या सीटवर आडवा झाला. काचा वर केल्या, टॉवेल तोंडावर घेतला. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, पत्र्याची गाडी. थोड्या वेळात त्याच्या अंगातून एवढं पाणी गेलं, की खाडीकाठी असता तर त्याचं मीठ झालं असतं. बाहेर कोणीतरी काचेवर टकटक केली.

"ही गाडी कोणाची? नवरदेवाची गाडी कुठून आणायची आत?"

आवाज ओळखीचा होता. विशालने टॉवेल बाजूला केला. काचेपलीकडे भरजरी फेटा होता आणि फेट्याखाली घोसाळकर साहेब होते.

"विशाल?" साहेबांनी दार उघडलं. "तू? सुतकात?"

विशाल उठून बसला. शर्ट चिंब, डोळे लाल, केस कपाळाला चिकटलेले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याने खरं तेच सांगितलं. "साहेब, मी आत पाय टाकला नाय. देवाशप्पथ. गाडीतच हाय."

साहेबांनी त्याच्या चिंब शर्टाकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे... तू आलास. सुतक असून आलास. मांडवाला शिवू नये म्हणून ह्या भट्टीत बसून राहिलास?" साहेबांचा आवाज जड झाला. "आणि रडतोयस."

"घाम हाय, साहेब."

"राहू दे रे, माझ्यापासून काय लपवतोस? गाडीतून उतरलेल्या ह्या बाया कोण?"

"शेजारनी," विशाल म्हणाला. आई, बायको आणि आत्या एका शब्दात शेजारणी झाल्या.

साहेबांनी त्याला शिवायचं टाळून, हातभर लांबूनच मान हलवली. "अग्नी कोणी दिला आत्याला? बिनलग्नाची म्हणजे मूलबाळ नसणार."

"मीच दिला, साहेब." आता थांबणं विशालच्या हातात राहिलं नव्हतं.

"शाबास. आजकाल सख्खी मुलं करत नाहीत. ऐक, मी काल मोठ्या साहेबांपाशी तुझा विषय काढला होता. असं दुःख झालंय म्हटलं, पोरगा गुणी आहे म्हटलं. जनरल शिफ्टची जागा तुझी. पक्की."

विशालच्या कानात सनई वाजायला लागली. (ती बाहेरही वाजत होती, पण ही वेगळी.) रात्रीची झोप, संध्याकाळचा चहा, बायकोचा हसरा चेहरा, सगळं एका वाक्यात पदरात पडलं होतं. आता फक्त आत्याने गप्प बसायला हवं होतं.

मांडवातली सनई थांबली. लाउडस्पीकर खरखरला.

"मंडळी," निवेदक म्हणाला, "बाकीचं वऱ्हाड येईस्तोवर नवऱ्याकडच्या आत्याबाई आपल्याला एक उखाणा घेऊन दाखवतील. आत्याबाई, माइक जवळ धरा."

"मी नवऱ्याकडची नाय," लाउडस्पीकरवरून काशीआत्याचा आवाज साऱ्या घोसाळ्यात घुमला. "मघापास्नं सांगतेय, कोन आयकत नाय. मी इशालकडची. रामवाडीची काशीबाई. आमचा इशाल धाटावला कंपनीत हाय, माझा सख्खा भाचा. भाईर गाडीत बसलाय लाजून. लय गरीब पोर. घेऊ का उखाना?"

"घ्या! घ्या!" मांडव ओरडला.

"पेनचे पापड, रोह्याचे पोहे, गडबचा तांदूळ जाड,
नाथारावांचं नाव घेते, अरं वाढप्या, त्यांना जिलबी वाढ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गाडीपाशी विशाल आपल्या पायांकडे पाहत होता. साहेब लाउडस्पीकरकडे पाहत होते.

"विशाल," साहेब म्हणाले, "आज कितवा दिवस म्हणालास?"

"पाचवा, साहेब."

"पाचव्या दिवशी आवाज चांगला लागलाय." साहेबांनी फेटा सारखा केला. "आणि नाथाराव कोण?"

उत्तर द्यायला नाथाराव स्वतःच येत होते, हातात जिलबीची प्लेट घेऊन. त्यांच्यामागे काशीआत्या, धोंडुबाई, नम्रता, प्रतिक्षा आणि तोंड पुसत निकेश. गाडीत बसलेल्या पोराला कोणी विचारलं नसेल म्हणून ही मंडळी त्याला जेवायला न्यायला निघाली होती.

साहेब दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनी काशीआत्याला नमस्कार केला. "काशीबाई, तुम्ही गेलात हे ऐकून फार वाईट वाटलं."

"अवो, आताच कुठं जाते?" काशीआत्या म्हणाली. "अजून जेवले पन नाय."

निकेशने तिथून काढता पाय घेतला. साहेबांनी शांतपणे, मुलीच्या लग्नात माणूस जितक्या शांतपणे बोलू शकतो तितक्या शांतपणे, सगळं सांगितलं. सुतक, रामवाडी, बिनलग्नाची, अग्नी. एकेक शब्दागणिक विशाल सीटमध्ये खाली खाली जात होता.

आधी नम्रता बोलली. तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "मी एक रविवार मागितला. तुमी त्याच्यासाठी मानूस मारलंत?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

"मला सांगितलं असतं तर मी पुढचा रविवार घेतला असता."

एवढं सोपं उत्तर असेल, हे विशालला खरंच सुचलं नव्हतं. त्याला फार लाज वाटली. धोंडुबाई कपाळावर हात मारून घेत होती. काशीआत्या मात्र अजून विचारच करत होती.

"कशानं मेले मी?" तिने विचारलं.

"तेवढं इचारलं नाय साहेबांनी," विशाल पुटपुटला.

"मारलंस ते मारलंस. आपला भाचा हाय, एकदा मारील. पन बिनलग्नाची?" काशीआत्या आता तापली. "एवढा नवरा सांभाळला मी जल्मभर, म्हशी राखल्या, तीन पोरं वाढवली, आन् तू एका शब्दात पुसून टाकलंस? अवो, बोला ना काहीतरी!"

हे शेवटचं नाथाआतोबांना होतं. आतोबा जिलबी संपवत म्हणाले, "मी काय बोलू? मना तर आताच कळलं मी मोकळा होतो ते."

हसू कोणाला आधी आलं ते सांगता येणार नाही. बहुतेक नम्रताला. मग धोंडुबाईला, मग आतोबांवर डोळे वटारता वटारता खुद्द काशीआत्याला. साहेबांच्या फेट्याचा तुरा थरथरायला लागला. विशालनेही हसून पाहिलं, पण त्याच्याकडे सगळ्यांनी एकदम बघितल्यावर त्याने ते गिळलं. तेवढ्यात रस्त्यावर खरी वऱ्हाडाची गाडी वाजली, आणि साहेब जाता जाता वळले.

"विशाल, मोठ्या साहेबांना मी तोंडाने सांगून बसलोय, की तुझी आत्या वारली आणि अग्नी तू दिलास. आता लग्नाच्या दिवशी मी खोटा पडणार नाही. जागा तुझी म्हणालो, ती तुझीच. पण अग्नी देणारा माणूस दहाव्याला काय करतो ते तुला माहीत आहे. तसाच कामावर यायचंस. आणि आता उठ, पंगतीचं वाढप तुझ्याकडे होतं."

विशालने भर दुपारी तीन पंगती वाढल्या. लेणी त्या दिवशी झाली नाहीत. ती नम्रताने पुढच्या मंगळवारी पाहिली, निवांत, गार दगडावर पाय सोडून बसून, कारण विशालची सुतकाची सुट्टी अजून शिल्लक होती. ती खूश होती. जनरल शिफ्टचं कळल्यावर तर तिने त्याला माफही केलं, म्हणजे निदान तसं म्हणाली तरी.

आणि दहाव्या दिवशी विशाल पेणला केरूच्या सलूनमध्ये खुर्चीवर बसला. काशीआत्या मुद्दाम रामवाडीहून आली होती. 'माझं काम हाय, नीट झालं पायजे' म्हणून ती बाकड्यावर बसून कलिंगडाची फोड खात होती. केरूने वस्तरा लावला, डोकं तुळतुळीत केलं, आणि रीतीप्रमाणे गंभीर होऊन विचारलं, "कोन गेलं म्हनायचं?"

"मी," काशीआत्या म्हणाली.

केरूचा हात थांबला. त्याने आत्याकडे पाहिलं, आरशात विशालकडे पाहिलं. विशालने डोळे मिटून घेतले. असल्या घरगुती भानगडीत न्हाव्याने पडू नये, हे केरूला धंद्यामुळे चांगलं ठाऊक होतं. त्याने एवढंच विचारलं, "मग मिशी ठेवू का काढू?"

विशाल तोंड उघडणार, तेवढ्यात काशीआत्याने कलिंगडाची बी थुंकली.

"काढ, काढ," ती म्हणाली. "लय जीव होता त्याचा माझ्यावर."